ऑपरेशनपूर्वीची धास्ती आणि मराठीतील दहा मिनिटे



आपल्या समाजातील जी पिढी १९५० ते १९७० च्या दरम्यान अलिया करून या देशात आली, ती आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहे. आम्हीही त्याच पिढीच्या शेपटाला आहोत. या वयात मोतीबिंदू, गुडघा, हर्निया, पित्ताशय, यांपैकी एखादे ऑपरेशन बहुतेक प्रत्येक घरात होतेच. ऑपरेशने चांगली होतात. येथील डॉक्टरांच्या कौशल्याविषयी आम्हाला तक्रार नाही. परंतु ऑपरेशनच्या आधीचा आठवडा, आदली रात्र आणि ट्रॉलीवर आडवे पडून वाट पाहण्याचा तो अर्धा-एक तास, यांविषयी घरात कोणी बोलत नाही. मुले-मुली टोफेस १७ मिळवण्यात आणि कामावरून सुट्टी काढण्यात गुंतलेली असतात. आजी विचारणाऱ्याला "मी बरी आहे" म्हणते आणि रात्रभर कूस बदलत राहते.

या धास्तीवर एक साधा उपाय आहे. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि तो घरातल्या माणसाने मराठीत केला तर अधिक चांगला होतो असे आमचे मत आहे. हिब्रूत या उपायाला हरपाया म्हणतात, आणि त्यात मनाने एखाद्या शांत ठिकाणी जाण्याचा भाग आला की दिम्योन मुद्राख म्हणतात. मराठीत आपण त्याला मार्गदर्शित शिथिलीकरण म्हणू. शब्द जड आहे, गोष्ट हलकी आहे. एक माणूस हळू, सावकाश आवाजात बोलतो. दुसरा आडवा पडून किंवा खुर्चीत रेलून ऐकतो. बोलणारा त्याचे लक्ष आधी श्वासाकडे नेतो, मग हात, खांदे, जबडा, पोट, पाय असे एकेक अवयव सैल सोडायला लावतो, आणि शेवटी त्याला आवडणाऱ्या जागेची आठवण करून देतो. दहा ते वीस मिनिटांत सारे संपते.

आता, भीती वाटली तर वाटली, एवढे काय त्याचे, असे कोणी म्हणेल. भीती नुसती मनात राहात नाही म्हणून तिचा विचार करायचा. धोका दिसला की शरीर पळण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. ॲड्रिनलीन रक्तात उतरते, नाडी धावते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, तळहातांना घाम सुटतो. रस्त्यात बैल अंगावर आला तर ही तयारी उपयोगी आहे. ट्रॉलीवर पडलेल्या माणसाला ना पळायचे असते ना झुंजायचे, त्यामुळे ती तयारी आतल्या आत खदखदत राहते. घाबरलेल्या माणसाच्या हातातील शीर सुईला लवकर सापडत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना, म्हणजे मरदीमना, अशा माणसाला कधी कधी अधिक औषध द्यावे लागते. आणि रक्तदाब फारच चढला तर तातडीचे नसलेले ऑपरेशन त्या दिवशी रद्द होते.

आमच्या ओळखीच्या एका बाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन याच कारणाने दोनदा पुढे गेले. घरी मोजला की रक्तदाब ठीक, रुग्णालयात मोजला की आभाळाला. दोन्ही वेळा त्या उपाशीपोटी गेल्या आणि तशाच परत आल्या. दुसऱ्या खेपेनंतर त्यांनी जाहीर केले की आता जे दिसते आहे तेवढ्यावरच राहिलेले दिवस काढायचे. त्या सिद्दूर वाचणे सोडून बसल्या होत्या, कारण अक्षरे दिसत नव्हती. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत मिळते हे ठाऊक असूनही केवळ धास्तीपोटी अंधारात बसणारी अशी माणसे आपल्यात थोडी नाहीत.

आता उपायाचे मूळ पाहू. आपल्या लोकांना "नवीन अमेरिकन खूळ" म्हणायची सवय आहे, म्हणून हे सांगणे भाग आहे. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की ताठ स्नायू आणि घाबरे मन बरोबर चालतात, आणि माणसाला आपला स्नायू ताठ आहे हेच कळत नसते. म्हणून आधी तो मुद्दाम आवळावा आणि मग सोडावा. आवळल्यामुळे ताण म्हणजे काय ते कळते, सोडल्यामुळे सैलपणा म्हणजे काय ते कळते. वर्गात मुलांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवताना आम्ही दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हणवून घेत असू, तशातलाच हा प्रकार.

पण आपल्यापैकी जे मुंबईत वाढले त्यांना याहून जवळची गोष्ट ठाऊक असेल. शाळेत पी.टी.च्या तासाला शेवटी उताणे पडायला सांगत ते शवासन. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचा अहवाल १९६९ साली परदेशी वैद्यकीय मासिकात छापला. बऱ्याच रुग्णांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. परळच्या रुग्णालयात झालेले हे काम पुढे पाश्चात्त्य देशांतील डॉक्टरांनी वाचले. तेव्हा आपण परक्यांची विद्या उसनी घेतो आहोत असे मानण्याचे कारण नाही.

शवासन म्हटल्यावर काही धार्मिक मंडळी कपाळाला आठी घालतील. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की येथे आपण फक्त आडवे पडतो आणि श्वास सोडतो. त्यात मंत्र नाही, मूर्ती नाही, कोणाला नमस्कार नाही. ज्यांना आधी शमा म्हणायचा आहे त्यांनी तो म्हणावा, तेहिलीम वाचायचे आहे त्यांनी वाचावे, एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलायचा आहे त्यांनी बोलावा. त्यानंतर शरीर सैल सोडायला कोणाचीच हरकत नसावी.

ऑपरेशनच्या बाबतीत जुना आणि आम्हाला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग बोस्टनचा आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स एग्बर्ट यांनी पोटाचे ऑपरेशन व्हायचे असलेल्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखीच वागणूक. दुसऱ्या गटाकडे भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी जाऊन बसले आणि त्यांनी सांगितले की ऑपरेशननंतर दुखेल, ते कोठे दुखेल, ते का दुखते, पोटाचे स्नायू आवळल्याने ते कसे वाढते, श्वास कसा घ्यावा, कूस कशी बदलावी, आणि स्नायू सैल कसे सोडावेत. कोणत्या रुग्णाला हे सांगितले आहे ते सर्जन लोकांना कळू दिले नव्हते. दुसऱ्या गटाला वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मे पुरले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. हा अहवाल १९६४ साली प्रसिद्ध झाला. औषध तेच, सुरी तीच. वाढवले ते फक्त बोलणे.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. हैफाच्या ब्नेई त्सियोन रुग्णालयात ३६० रुग्णांवर ऑपरेशनपूर्वी प्रयोग झाला आणि तो २०१६ साली छापून आला. काहींना नेहमीची औषधे दिली. इतरांना त्याबरोबर ॲक्युपंक्चर, तळपायांचे मर्दन, समोर बसून दिलेले दिम्योन मुद्राख किंवा ध्वनिमुद्रित दिम्योन मुद्राख, यांपैकी एक दिले. भीती किती आहे ते ० ते १० या मापाने विचारले. ज्यांना पूरक उपचार मिळाले त्यांचा आकडा साडेपाचच्या आसपास होता तो अडीचच्या खाली आला; ज्यांना नुसती नेहमीची औषधे मिळाली त्यांचा उतरलाच नाही. आणि आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकेका माणसाला बघून दिलेला उपचार सर्वांना ऐकवलेल्या एकाच मुद्रिकेपेक्षा सरस ठरला.

तरीही हात राखून बोलायला हवे. २०१६ सालीच जगभरच्या १०५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात दहा हजारांवर रुग्ण होते. मनाची तयारी करून घेतल्याने ऑपरेशननंतरचे दुखणे व उदासी थोडी कमी होत असावी आणि रुग्णालयातला मुक्काम सुमारे अर्ध्या दिवसाने घटत असावा, असे तेथे दिसले. पण बरेचसे अभ्यास कच्चे असल्यामुळे छाननी करणाऱ्यांनी ठाम निकाल दिला नाही. म्हणजे या उपायाने जखम झटकन भरते किंवा औषधाची गरजच राहात नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. धास्ती उतरते, एवढे मात्र बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते, आणि रात्रभर जागणाऱ्या माणसाला तेवढेही थोडे नाही.

हैफाच्या प्रयोगातून आम्ही जे उचलले ते असे. माणूस बघून बोलायचे, तर त्याची भाषाही बघायला हवी. आपल्या वडीलधाऱ्यांचे हिब्रू बाजारापुरते, कुपात होलीमपुरते, नातवंडांपुरते उत्तम असते. पन्नास वर्षांत ते कोणालाही येते. पण भीती वाटली की माणूस नंतर शिकलेली भाषा आधी विसरतो. रुग्णालयात सूचना हिब्रूत, अरबीत, रशियनमध्ये लावलेल्या दिसतात, कोठे अम्हारिकही दिसते. आरोग्य मंत्रालयाने २०११ साली परिपत्रक काढून रुग्णाला समजेल अशा भाषेत व त्याच्या संस्कृतीला धरून सेवा द्यावी असे रुग्णालयांना कळवले. चांगली गोष्ट आहे. पण मराठीचा दुभाषी ठेवण्याइतके आपण संख्येने मोठे नाही आणि तशी वाट पाहात बसण्यातही अर्थ नाही. ते काम घरच्यांनीच उचलावे लागेल. शिवाय दुभाषी अर्थ सांगेल, झोपवणार नाही. लहानपणी ज्या भाषेत कोणी थोपटले त्या भाषेत अंग जितके पटकन सैल पडते तितके नंतर शिकलेल्या भाषेत पडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट त्या शांत जागेची. विकत मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणात जंगल असते, झरा असतो, बर्फाच्छादित डोंगर असतो. ज्या बाईने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो जेरुसलेममध्ये, आणि त्यात पाय घसरून मनगट मोडून घेतले, तिला बर्फाचा काय विसावा? म्हणून आठवडाभर आधी विचारून ठेवावे : "आई, तुला अगदी निवांत कुठे वाटायचे?" उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कोणाला नवगावचा किनारा आठवतो, कोणाला रेवदंड्याची वाडी, कोणाला उमरखाडीतल्या चाळीची गॅलरी आणि खालून जाणारा कुल्फीवाला, कोणाला डिमोनातले पहिले घर आणि संध्याकाळचा वाळवंटी वारा. एका बाईंनी आम्हाला सांगितले की रोश हाशानाच्या आधी चिकाचा हलवा ढवळत बसणे ही त्यांची निवांत जागा. आम्ही म्हटले, हलवा घोटताना तर हात भरून येतात! त्या म्हणाल्या, "हात भरतात, पण डोक्यात काही राहात नाही." बरोबरच आहे. नारळाच्या दुधाचा वास, कलथ्याची एकच चाल. अशी जागा बाहेरचा माणूस शोधून देऊ शकणार नाही.

आता शब्दांविषयी, कारण आम्ही हयात शब्दांतच घालवली. आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला पहिले वाक्य सांगतात ते "घाबरू नकोस". दुसरे "काही होणार नाही". पहिल्या वाक्यात "घाबर" हाच शब्द कानावर पडतो. दुसरे खरे नाही. काहीतरी होणारच आहे, म्हणून तर रुग्णालयात आलो. बोस्टनच्याच बेथ इस्राएल रुग्णालयातील डॉ. एल्विरा लँग यांनी सहकाऱ्यांसह २००५ साली दाखवून दिले की "आता दुखेल", "आता टोचेल" असे इशारे दिलेल्या रुग्णांना वेदनाही अधिक जाणवतात आणि धास्तीही वाढते. सहानुभूतीने दिलेला इशारासुद्धा कामी येत नाही. मग बोलायचे काय? एग्बर्ट यांनी दुखण्याविषयी आदल्या दिवशी, निवांत बसून, उपायासह सांगितले होते. सुई हातात असताना मात्र नुसते जे घडते आहे ते सांगावे. "आता दंडाला पट्टा बांधतील. तो आवळेल, मग आपोआप सैल होईल." "आता हातावर थंड काही पुसतील." "आता दिवे मोठे दिसतील, तू श्वास सोडत राहा." वाक्य लहान, क्रियापद साधे, आणि शेवट सुटण्यावर.

हे सर्वांत उपयोगी पडते ते मोतीबिंदूच्या वेळी, कारण त्यात बहुधा डोळ्यापुरतीच भूल देतात आणि रुग्ण जागा असतो. तोंडावर कापड असते, एका डोळ्यापुरते भोक. डॉक्टर हिब्रूत म्हणतात, "लो लाझूझ", हलायचे नाही. न हलण्याचा प्रयत्न करणारा माणूस आणखी ताठ होतो, हे कोणीही सांगेल. त्याला न हलण्याऐवजी दुसरे काही करायला द्यावे : श्वास सोडणे, आणि पावले जड होऊ देणे. खोकला किंवा शिंक येणारसे वाटले तर आधी बोलून सांगायचे, हेही घरीच ठरवून ठेवावे. कोरियात झालेल्या आणि २००१ साली छापलेल्या एका अभ्यासात मोतीबिंदूच्या ऑपरेशनभर परिचारिकेने नुसता हात धरला तरी रुग्णांची भीती कमी झाल्याचे दिसले. येथे कोणी हात धरील की नाही ते त्या त्या दिवसावर अवलंबून. मागायला हरकत नाही.

वर उल्लेख केलेल्या बाईंचे तिसऱ्या खेपेला ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी मधल्या काळात रक्तदाबाचे औषध बदलले होते, आणि भाची रोज रात्री फोनवरून दहा मिनिटे त्यांना मराठीत श्वास सोडायला लावत होती. दोहोंपैकी कशाने किती काम केले याची वाटणी करण्यात अर्थ नाही. त्या आता सिद्दूर वाचतात, आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला रंग हवा असल्याचेही त्यांना दिसू लागले आहे.

घरात वाचून दाखवण्यासाठी खाली एक मसुदा देत आहोत. तो मुलीने किंवा नातीने आईला-आजीला उद्देशून वाचायचा आहे, म्हणून "तू" घातले आहे. वडिलांना, सासऱ्यांना तुमच्या घरी "तुम्ही" म्हणत असाल तर "सोड"चे "सोडा" करा. घरात जे चालते तेच ठेवा; मृत्युपत्र वाचल्यासारखी ग्रंथी मराठी येथे नको. ठिपके आहेत तेथे थांबायचे, मनात पाच आकडे मोजायचे.

"आई, डोळे मिटावेसे वाटले तर मिट, नाहीतर छताकडे बघत राहा. पाठ गादीला टेकली आहे. गादी तुझे सगळे वजन घेते आहे, तुला काही सावरायचे नाही… नाकाने श्वास आत घे… आणि तोंडाने हळू सोड, गरम चहावर फुंकर घालतेस तसा… पुन्हा आत… घाई नाही… सोडताना जितका लांबेल तितका लांबू दे… पुन्हा एकदा…

"आता उजव्या हाताची मूठ वळ, हलकीच. तिच्यात जोर आला आहे तो बघ… सोड. बोटे आपोआप उघडू देत… तळवा जड झाला असेल, थोडी ऊब आली असेल. राहू दे तसाच… आता डावी मूठ… सोड… खांदे कानांकडे उचल… आणि टाक खाली, बाजारची पिशवी खाली ठेवतेस तसे… कपाळावरची आठी जाऊ दे… वरचे दात खालच्या दातांपासून सुटू दे, जीभ सैल पडू दे… पोट सैल. तिथे कोणी बघत नाही… पावलांची बोटे आत वळव… सोड… पाय जड झाले, टाचा गादीत रुतल्या…

"आता आपण नागावच्या वाडीत आहोत. सकाळ आहे. ऊन अजून माडांच्या झावळ्यांतच अडकले आहे. अंगण नुकतेच सारवले आहे, त्याचा ओला वास येतो आहे… पलीकडे रहाट फिरतो आहे, पाटातून पाणी सुपारीच्या बुंध्याशी चालले आहे… समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. लाट येते, श्वास आत… लाट परतते, श्वास बाहेर… तुला कुठे जायचे नाही, कोणाचे काही करायचे नाही…

"मध्येच कोणी येईल, हाताला हात लावील, नाव विचारील. डोळे उघड, नाव सांग, आणि पुन्हा लाटेकडे ये. खोलीत जे आवाज होताहेत ते माणसे तुझ्यासाठी काम करताहेत त्याचे आहेत… श्वास आत… श्वास बाहेर…

"आता हातापायांची बोटे हलव. एक मोठा श्वास घे. डोळे उघड. मी इथेच आहे."

नागावच्या जागी तुमच्या आईची जागा घाला. शेवटचे वाक्य खरे असेल तरच म्हणावे. मुद्रण करून फोनवर पाठवत असाल तर त्या जागी "मी बाहेर बसले आहे" म्हणा, आणि बाहेर बसा.

ही तालीम ऑपरेशनच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही. आठवडाभर आधीपासून रोज एकदा, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी करावी. पहिले दोन-तीन दिवस ऐकणारा हसतो, मध्येच "गॅस बंद केला का?" विचारतो. चालायचेच. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेकजण मुठीपर्यंत आले की जांभई देतात. मग ट्रॉलीवर नुसती "गरम चहावर फुंकर" एवढी आठवण पुरते.

काही सावधगिरी मात्र पाळायला हवी. श्वास रोखून धरायला लावू नये, विशेषतः हृदयाचा किंवा दम्याचा आजार असेल तर. सोडणे सावकाश, एवढेच. भराभर खोल श्वास घेतले तर चक्कर येते. दुखऱ्या गुडघ्याचे, खांद्याचे स्नायू आवळू नयेत, तेथे नुसते लक्ष न्यावे. आपल्यात लढाया पाहिलेली, सायरनच्या रात्री काढलेली माणसे आहेत. डोळे मिटले की काहींना नको ते दिसते. त्यांना डोळे उघडे ठेवून एखाद्या वस्तूकडे बघायला सांगावे, आणि तेही नको असेल तर आग्रह करू नये. ज्यांना विसरण्याचा आजार आहे त्यांच्यापुढे एवढा मसुदा वाचून भागणार नाही. हात हातात घेऊन ओळखीचे एखादे गाणे गुणगुणावे. आणि धास्ती इतकी असेल की माणूस जेवत नाही, झोपत नाही, तर मरदीमना आधीच सांगावे. शांत करणारे औषध घेण्यात कमीपणा नाही, आणि हे त्याबरोबरही चालते.

मरदीमशी बोलणे होईलच, तेव्हा उपाशी राहण्याचेही नीट विचारून घ्यावे. परिचारिका "बेत्सोम" म्हणतात, आणि "त्सोम" ऐकले की आपली आजी दरफाळणीच्या सणासारखा कडक उपास धरते. सकाळची रक्तदाबाची गोळीसुद्धा घेत नाही. काही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात, काही बंद ठेवायच्या असतात. कोणती घ्यायची, पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे कागदावर लिहून आणावे. निम्मी धास्ती अशा न विचारलेल्या प्रश्नांची असते.

कानातल्या यंत्राचीही गोष्ट सांगून ठेवतो. ऑपरेशनपूर्वी कवळी, अंगठी, चष्मा यांबरोबर ते काढून घेतात. मग कोणी कितीही प्रेमाने बोलले तरी आजोबांना ओठ हलताना दिसतात, तेही चष्म्याशिवाय. शेवटच्या दारापर्यंत यंत्र कानात राहू द्यावे अशी विनंती करावी. आम्ही पाहिले त्या ठिकाणी ती लगेच मान्य झाली. फोन आणि इयरफोनचेही तसेच, विचारावे.

आणि रुग्णाने म्हणण्यासाठी हिब्रूचे एक वाक्य पाठ करून घ्यावे. बाईने म्हणावे, "रेगा, अनी नोशेमेत." पुरुषाने, "रेगा, अनी नोशेम." म्हणजे थांबा जरा, मी श्वास घेते आहे, घेतो आहे. हे ऐकून परिचारिका हसतात आणि खरोखरच थांबतात.

राहता राहिला नातवंडांचा प्रश्न. ती मराठी बोलतात, निदान समजतात, पण देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी हा मसुदा हिब्रू अक्षरांत उतरवून द्यावा, निकूद घालून, नाहीतर "सोड"चे "सूद" होईल. आम्ही दोन घरांसाठी तसा उतरवून दिला. अडचण "ळ"ची येते, कारण त्याला हिब्रूत अक्षर नाही. तेथे लामेद लिहावा. नात "डोले मिट" म्हणते, आणि आजी डोळे मिटते.